अब्रू कुणाकडे ठेवलेली असते?

कोल्हापूर प्रकरण म्हटलं की मराठी वाचकाला १०१ हा आकडा आठवतो. टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात तेवढे दिवस होते. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि नावातच तो आकडा घातला. शिक्षा चार महिन्यांची होती. जुलै १८८२ मध्ये दोघे आत गेले आणि थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबरला बाहेर आले. हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण शिक्षा कशाबद्दल होती, असं विचारलं तर ‘कोल्हापूरच्या महाराजांची बाजू घेतली म्हणून’ असं उत्तर येतं. हे उत्तर अर्धंच आहे. गुन्हा अब्रुनुकसानीचा होता. संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या नावावर खपवलेली पत्रं टिळक-आगरकरांच्या ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही वृत्तपत्रांनी खरी मानली आणि चौथ्या शिवाजी महाराजांना वेडं ठरवण्याचा डाव बर्वे खेळताहेत, असा आरोप केला. पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. बर्वे खटला जिंकले.

पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, महाराजांचा नगरच्या किल्ल्यात मृत्यू झाला. ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन. महाराजांचे हाल झाले, ही लोकांची भावना त्यानंतर पक्की झाली आणि ती खोटी होती असं कुणी म्हणणार नाही. पण महाराजांचे हाल झाले का, हा एक प्रश्न आणि ती पत्रं बर्व्यांनी लिहिली का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं ‘नाही’ पुसलं जात नाही. लोकांच्या मनात मात्र दोन्ही प्रश्न एक झाले. दोन तरुण संपादकांची फसवणूक झाली होती, ती पुढे त्यागाच्या गोष्टीत विरून गेली. बर्वे त्या गोष्टीत खलनायक म्हणून उरले आणि आजही तेवढेच उरले आहेत. टिळक-आगरकरांचं मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. माझा मुद्दा त्यांच्याबद्दल नाहीच. खटला जिंकलेला, प्रतिपक्षाने माफी मागितलेला माणूससुद्धा जे परत मिळवू शकला नाही, ती वस्तू नेमकी आहे तरी काय, हा मुद्दा आहे.

अब्रू हा शब्द फारसीतून आला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी, तेज. शब्द सुंदर आहे, पण दिशाभूल करणारा आहे. तेज ज्याच्या चेहऱ्यावर असतं त्याला आरशाशिवाय दिसत नाही, आणि इथे आरसे म्हणजे इतर माणसं. चारित्र्य माणसाजवळ असतं, अब्रू इतरांजवळ असते. शेजारी, सहकारी, व्याही, किराणावाला, बँकेतला कारकून अशा शंभर ठिकाणी ती थोडी थोडी ठेव म्हणून पडून असते. ठेवीदाराला ती काढून घरी आणता येत नाही. ठेव घेणाऱ्याने ‘बुडाली’ असं मनात म्हटलं की बुडाली, त्याला पावती लागत नाही आणि खातेदाराला कळवावंही लागत नाही.

कायद्याने हे बरोबर ओळखलं आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतलं ४९९ वं कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ वं झालं, अब्रुनुकसानीची कसोटी ‘इतरांच्या दृष्टीने’ अशीच लावतं. माणसाला किती वाईट वाटलं याला त्यात जागा नाही. इतरांच्या नजरेत त्याचं नैतिक किंवा बौद्धिक मोल, त्याच्या धंद्यातली प्रतिष्ठा, त्याची पत घटली का, एवढंच पाहायचं. म्हणून कुणाला एकांतात तोंडावर चोर म्हटलं तर तो अपमान होतो, बदनामी होत नाही. बदनामीला तिसरा माणूस लागतो. ऐकणारा नसेल तर गुन्हाच घडत नाही, आणि तरीही शिक्षेच्या यादीत ऐकणाऱ्याचं नाव कुठेच नाही. या विषयातली ही सगळ्यांत मोठी फट आहे, असं मला वाटतं.

आपल्या भाषेत या व्यवहाराला जितके शब्द आहेत तितके कौतुकाला नाहीत, आणि ते एकमेकांचे समानार्थी नाहीत. चहाडीला निवडलेला श्रोता लागतो, वरिष्ठ किंवा सासू. ज्याच्या हातात काही करण्याची सत्ता आहे असा. चहाडी खरीही असू शकते. लावालावीला दोन श्रोते लागतात आणि दोघांना वेगवेगळं सांगावं लागतं. कुटाळकीला हेतूच नसतो; पारावर किंवा ऑफिसच्या कँटीनमध्ये वेळ जावा एवढ्यासाठी ती चालते, पण म्हणून तिचं काम कमी पडत नाही. कंडी पिकवणारा मात्र जाणूनबुजून पेरतो आणि पीक येईपर्यंत लांब उभा राहतो. निंदा ही मतं मांडण्याच्या जवळची आहे. नालस्ती म्हणजे मताचा बुरखा घातलेला आरोप. यांतला फक्त कंडीवाला खऱ्या अर्थाने दुष्ट असतो. बाकीचे आपण असतो.

कौटिल्याने या प्रकारांकडे कारकुनी काटेकोरपणे पाहिलं आहे. अर्थशास्त्रातल्या वाक्पारुष्याच्या प्रकरणात कुणाच्या शारीरिक व्यंगावरून बोललं तर दंड सांगितला आहे: व्यंग खरं असेल तर ३ पण (तेव्हाचं नाणं), खोटं असेल तर ६. म्हणजे खरं बोलणं ही सुटका नव्हे, फक्त निम्मी सवलत. आणि आंधळ्याला ‘काय सुंदर डोळे आहेत तुमचे’ असं म्हणणाऱ्याला १२ पण, या तिघांत सगळ्यांत जास्त. कौतुकाच्या वेषातल्या निंदेला उघड निंदेच्या दुप्पट-चौपट दर लावणारा हा माणूस कधीतरी लग्नघरात बसला असावा. ४९९ व्या कलमाच्या स्पष्टीकरणातही उपरोधाने केलेलं विधान बदनामी ठरू शकतं असं म्हटलं आहे. ‘अमुकने घड्याळ चोरलं नाही, तो फार प्रामाणिक माणूस आहे’ हे वाक्य कुठल्या सुरात उच्चारलं यावर सगळं ठरतं.

सुराची गोष्ट निघालीच आहे, तर मराठीतल्या एका अडीच अक्षरी शब्दाकडे पाहू. ‘म्हणे’. वाक्याच्या शेवटी हा शब्द आला की क्रियापदाचा कर्ता नाहीसा होतो. ‘त्यांचा मुलगा तिकडे दुसरीबरोबर राहतो म्हणे.’ कोण म्हणे? कुणीच नाही, सगळेच. बोलणाऱ्याने माहिती दिली पण हमी दिली नाही. उद्या खोटं ठरलं तर त्याच्या अंगाला काही चिकटत नाही. ‘म्हणे’चा धाकटा भाऊ ‘पण’. लग्न जुळवताना स्थळाची चौकशी फोनवरून होते. ‘मुलगी गुणी आहे हो. घरचेही चांगले. पण…’ आणि मग जरासं थांबणं. पलीकडून ‘पण काय?’ येतं. ‘छे, काही नाही, तुमचं तुम्ही बघा.’ या संभाषणात एकही बदनामीकारक विधान नाही. कुठल्याही वकिलाला यातून खटला उभा करता येणार नाही. स्थळ मात्र मोडतं, आणि ते का मोडलं हे मुलीला कधीच कळत नाही, त्यामुळे खुलासाही करता येत नाही.

अशी गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना तिचं काय होतं, यावर गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धातल्या अफवांनी त्यांना या विषयाकडे ओढलं होतं. त्यांना तीन बदल दिसले. तपशील गळतात, उरलेले एक-दोन तपशील टोकदार होतात, आणि सगळी गोष्ट ऐकणाऱ्याच्या आधीच्या समजुतीत चपखल बसेल अशी वळते. यातला तिसरा बदल मला सर्वांत घातक वाटतो. ‘हिशेब जुळायला वेळ लागतोय’ हे वाक्य ज्याला खजिनदार आधीच आवडत नाही त्याच्या कानातून ‘हिशेबात घोळ आहे’ होऊन बाहेर पडतं, आणि त्याला आपण काही बदललं असं वाटतसुद्धा नाही. पराचा कावळा करणारा क्वचितच खोटारडा असतो. त्याला कावळाच दिसलेला असतो.

दुसरा धागा पुनरावृत्तीचा. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टाइन आणि टोपिनो यांनी विद्यार्थ्यांना काही आठवड्यांच्या अंतराने विधानांची यादी देऊन ती कितपत खरी वाटतात ते विचारलं. जी विधानं पुन्हा पुन्हा कानावर आली ती अधिक खरी वाटू लागली, मग ती खरी असोत वा खोटी. परिचयाचं ते सत्य, असा मनाचा हिशेब. बदनाम झालेल्या माणसाची कोंडी इथे होते. ‘मी पैसे खाल्ले नाहीत’ असं सांगायला गेलं की ‘पैसे खाल्ले’ हे शब्द आणखी एकदा उच्चारले जातात, त्याच्याच तोंडून. बोलला नाही तर ‘बघा, गप्प आहे’. मग कुणीतरी आगीशिवाय धूर निघत नसल्याचं ऐकवतं. ही म्हण रचणाऱ्याने ओलं सरपण पाहिलेलं दिसत नाही. ज्यात आग जवळजवळ नसते त्यातूनच सर्वांत जास्त धूर निघतो.

रामायणातला लोकापवाद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. आपल्याला परिटाची गोष्ट माहीत असते, पण ती नंतरच्या कथनांतली. वाल्मीकींच्या उत्तरकांडात भद्र नावाचा सोबती नगरातली बोलणी रामाला सांगतो, आणि बोलणारे कोण याला तिथे नाव नाही. सीतेची परीक्षा आधीच झालेली आहे. रामाला तिच्याबद्दल शंका नाही. म्हणजे पुरावा आहे, निकाल आहे, न्यायाधीशाची खात्री आहे, आणि तरी सीता वनात जाते. परीट पुढे का आला असावा? निनावी ‘लोकां’वर राग धरता येत नाही, म्हणून कथेने एक माणूस शोधला, आणि तोही नेमका खालच्या समजल्या गेलेल्या जातीतला. एका बदनामीचं ओझं उतरवायला दुसरी बदनामी झाली.

नुकसानाचा हिशेब मांडताना आपण पैशापासून सुरू करतो, कारण तो मोजता येतो. गिऱ्हाईक तुटतं, उधारी बंद होते. ‘पत’ या शब्दात बाजारातली ऐपत आणि समाजातला मान दोन्ही मावतात ते उगीच नाही. पण काही आरोप असे असतात की ते माणसाला समाजातून उचलून बाहेरच टाकतात. सातपुड्याच्या पट्ट्यात बाईला डाकीण ठरवणं हा असा आरोप. तो एकदा चिकटला की गावात कुणाचं वासरू मेलं तरी तिच्याकडे बोट. मारहाण होते, गाव सोडावं लागतं, आणि बऱ्याच वेळा मागे राहिलेली जमीन कुणाला हवी होती हे नंतर लक्षात येतं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखादी व्यक्ती करणी करते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा स्वतंत्र गुन्हा केला, कारण साध्या अब्रुनुकसानीच्या कलमात हे नुकसान मावत नव्हतं.

व्यक्तीची नव्हे तर जमातीचीच अब्रू सरकारी कागदावर काढून घेतली गेली, त्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच आरोप ठरवला. नोंदवही, हजेरी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. कायदा १९५२ मध्ये गेला. नजर गेली नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या पाच जणांबद्दल व्यक्तिशः कुणी काहीच बोललेलं नव्हतं. भटक्या माणसाकडे पाहण्याची रीत आधीच तयार होती, अफवेला फक्त चेहरे हवे होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तिथेही पाच.

इथे दुसरी बाजू मांडली नाही तर विवेचन लंगडं राहील. बदनामीची भीती सर्वांत जास्त कुणाला वाटते? ज्यांची अब्रू खोटी असते त्यांनाही ती वाटते, आणि वकील त्यांनाच परवडतो. करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ पत्रात १८६० मध्ये वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या अनाचारावर लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी ५०,००० रुपयांचा दावा लावला. मुंबईत १८६२ मध्ये तो खटला गाजला. डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले आणि महाराजांना गुप्तरोग झाला होता, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. करसनदास सुटले. एखाद्याचं नाव खराब होणं हे नेहमीच वाईट नसतं, कधी कधी ते समाजाचं देणं असतं. म्हणून ४९९ व्या कलमाला दहा अपवाद जोडलेले आहेत आणि पहिलाच अपवाद लोकहितासाठी केलेल्या खऱ्या आरोपाचा आहे. नुसतं खरं पुरत नाही, लोकहितही लागतं. शेजारणीच्या जुन्या लग्नाची खरी गोष्ट चारचौघांत सांगणाऱ्याला या अपवादाचा आधार नाही. कौटिल्याचे ते ३ पण अजून वसूल होताहेत म्हणायचे.

आणि अब्रू ऐकणाऱ्याकडे असते याचा सर्वांत गमतीदार पुरावा पुन्हा टिळकांकडेच सापडतो. व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० च्या आपल्या पुस्तकात त्यांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटलं आणि बरंच काही गंभीर लिहिलं. टिळकांनी दावा लावला, त्यासाठी लंडनला गेले आणि १९१९ मध्ये तो हरले. १८८२ मध्ये आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस सदतीस वर्षांनी फिर्यादी म्हणून उभा राहिला आणि दोन्ही वेळा निकाल विरुद्ध गेला. पण ‘असंतोषाचे जनक’ हे शब्द इंग्लंडमध्ये दूषण होते, ते पुण्यात बिरुद झाले. शब्द तेच, ठेव सांभाळणारे वेगळे. बर्व्यांकडे असे दुसरे श्रोते नव्हते.

तुकोबांसारख्यांनी निंदकाचे उपकार मानले, हे खरं. ज्याने आपली सगळी ठेव विठ्ठलापाशी ठेवली त्याला ते जमतं. तलाठ्याला किंवा खजिनदाराला जमत नाही.

कायदा काय देतो? दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, आणि नव्या संहितेत समाजसेवेचा पर्याय. दिवाणी दाव्याला एका वर्षाची मुदत. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानी कायम ठेवली आणि प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मला तुरुंगाचा उपाय पटत नाही. बोलणाऱ्याला कोंडून ऐकणाऱ्यांच्या मनातलं काही बदलत नाही. फारतर हिशेब चुकता होतो. ठेव परत करणं हे ज्यांच्याकडे ती आहे त्यांचंच काम, आणि त्यांना समन्स काढायची सोय नाही.

आमच्या सोसायटीत बारा-तेरा वर्षांपूर्वी इमारतीच्या रंगकामानंतर हिशेबात १ लाख ४० हजारांचा फरक येत होता. खजिनदार निवृत्त गृहस्थ होते, वहीत रोजच्या रोज नोंद करणारे. ‘आकडे जुळत नाहीयेत म्हणे’ हे वाक्य मी जिन्यात ऐकलं. मी काही बोललो नाही. ‘हो का?’ एवढंच म्हटलं, आणि भुवया उंचावल्या असणार. पाचएक आठवड्यांनी हिशेब तपासनिसाला ती रक्कम सापडली. मुदत ठेवीत टाकलेली होती आणि पावती आधीच्या सेक्रेटरींच्या कपाटात राहिली होती. अहवाल फलकावर लागला, टाकी सफाईच्या सूचनेशेजारी. कुणी माफी मागितली नाही. मागायची कशाची? आरोप कुणी केलाच नव्हता. सर्वसाधारण सभेत त्यांच्या आभाराचा ठराव झाला आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. वर्षभराने जागा विकून ते मुलाकडे ठाण्याला गेले.

मध्यंतरी एका लग्नात पंगतीला ते शेजारी आले. जुन्या शेजाऱ्यांची चौकशी झाली, कोण कुठे असतं ते झालं. जिलबी वाढून वाढपी पुढे गेला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून चार घड्या घातलेला कागद. तपासनिसाच्या अहवालाची झेरॉक्स, घड्यांवर सेलोटेप लावलेली.

मी म्हटलं, “काका, मला माहीत आहे सगळं.”

“तुम्हाला आहे हो. यांना दाखवतोय,” असं म्हणत त्यांनी कागद पलीकडच्या पाटाकडे सरकवला. तो माणूस वरपक्षाकडचा, नागपूरहून आलेला. आमची सोसायटी कुठे आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.